टीव्हीच्या भिंतीतली खिडकी

३ डिसेंबर, बुधवार
आमच्या पोरानं, अजूनं, पुण्याहून मोबाईलवर चित्र पाठवलं. आमच्या हॉलची आतली भिंत म्हणे अशी करायची. मधोमध हा एवढा टीव्ही, त्याच्याखाली काचेमागं जाळ पेटलेला, दोन्ही अंगाला उभी कपाटं, वर बारकं बारकं दिवे. जानेवारीत मुलीकडचे घर बघायला येणार, त्याच्या आत. छान दिसतंय, खोटं कशाला लिहू. पण चित्रात आमची खिडकी कुठं हाय? बरोबर टीव्हीच्या मागं.
ह्यांना दाखवलं. चष्मा लावून बघितलं. "बरं हाय की." झालं. एवढंच.

४ डिसेंबर
दिवसभर खिडकीच डोक्यात. वाटणी झाली, मधी भिंत चढायला लागली, तेव्हा सासूबाई गवंड्यापुढं फतकल मारून बसल्या होत्या. "दोन्ही पोरांचा आवाज ऐकू आला पायजे, एवढी जागा ठेव." म्हणून ही दोन फुटांची खिडकी. सासूबाई गेल्या. मग दादांनी सामाईक फणस न विचारता तोडला, त्यावरनं दोघं भाऊ असे भांडले की सहा वर्षं झाली, एकमेकांचं तोंड बघत न्हाईत. दादा थोरले, हे धाकटे, हट्टाला दोघं सारखेच.
तरी रोज संध्याकाळी सहाला पलीकडनं थोरल्या जाऊबाई, म्हणजे आमच्या अक्का, आणि अलीकडनं मी. हे टीव्हीपुढं खुर्चीत, दादा तिकडं ओट्यावर. दोघांनाबी खिडकी म्हणून काही दिसतच न्हाई!
अक्कांचं दार मागच्या गल्लीला. त्यांचे गुडघे गेलेत, पोरगी लांब दिलेली. मी जाईन, तर दादांनी सांगून ठेवलंय, त्या घरातलं कुणी माझ्या उंबऱ्याला शिवायचं न्हाई. खिडकी बुजली की अक्का मला दिसायच्या त्या कुणाच्या लग्नात, न्हाईतर मयतीत. एका गावात, कामथडीत राहून.

७ डिसेंबर, रविवार
अजू आला, नसरापूरच्या अशोक मिस्त्रीला घेऊन. टेप लावली, भिंतीवर पेन्सिलीनं रेघा ओढल्या. "ते भोक बुजवून घेऊ, मिस्त्री." मला असा राग आला! भोक म्हणतो. पण बोलले न्हाई. एकुलतं एक पोरगं, त्याचं लग्न ठरतंय, त्यात मी कुठं रडगाणं लावू.
सं. सहाला अक्कांना सांगितलं. आधी जाळाचं सांगितलं, हसवायला.
"त्या जाळावर पापड भाजतोय का?"
"न्हाई अक्का. नुसता दिसतो."
"मग पेटवायचा कशाला? आमच्या माहेरी, हिर्डोशीला, पावसाळ्यात घोंगड्या वाळायच्या जाळावर."
मग खिडकीचं सांगितलं. अक्का जरा वेळ पदराचं टोक चाळवत बसल्या. "बुजव बाई. सून यायची हाय, घर चांगलं दिसाय पायजे." आणि उठून गेल्या. चहा तसाच ठेवून.
मला लई वाईट वाटलं. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१० डिसेंबर
मिस्त्री आला, ह्यांनी परत पाठवला. टीव्हीवर म्हणे दाराचा उजेड पडतो, डावीकडं सरकवा.

१२ डिसेंबर, शुक्र.
परत तेच. आज कपाट अरुंद पडतंय. मिस्त्री वैतागला. "काका, भिंत एवढीच हाय. तुमी पक्कं ठरवा, मग मला फोन करा." मीबी चिडले. "पोरगं झालं तेव्हा सुद्धा एवढा घोळ घातला नव्हता तुमी!" तर म्हणाले, "घाई कसली हाय?" ज्या माणसाला मीठ कमी पडलेलं कळत न्हाई, त्याला टीव्हीवरची चकाकी कळायला लागली!

१४ डिसें., रवि.
खोक्यातनं जाळ आला. विजेवरचा. अजूनं फरशीवर ठेवून लावून दाखवला. लाकडं लालभडक, ज्वाळा हलतात, धूर न्हाई, वास न्हाई. आमची मांजर ऐटीत पुढं जाऊन बसली, जरा वेळानं उठून चुलीकडं गेली. बटण दाबलं की गरम हवा येती म्हणे. ह्यांनी हात धरून बघितला. "चांगलं हाय," म्हणाले आणि बंद केलं.
अक्का आज खिडकीत आल्याच न्हाईत. सहा वाजले, साडेसहा वाजले. मी तशीच उभी.

१६ डिसेंबर, मंगळ.
हे लिहिताना सुद्धा हसू येतंय आणि रडूबी येतंय.
आज अक्का आल्या. दादांना खोकला झालाय, कफ सुटत न्हाई, भोरला डॉक्टरकडं जाऊन आले. त्यांचं ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आलं, आपल्या हॉलात एवढी शांतता का? वळून बघते तर टीव्हीवर बातम्यावाला तावातावानं तोंड हलवतोय आणि आवाज बंद! हे रिमोट हातात धरून समोर बघत बसलेले. अक्का म्हणाल्या, "आज अर्धी भाकरी खाल्ली, जरा उतार हाय." तसा ह्यांनी आवाज वाढवला.
म्हणजे सहा वर्षं हे सगळं ऐकत होते! आणि मी येडी, मला वाटायचं ह्यांना बायकांच्या गप्पांचं वावडं हाय. उजेड, चकाकी, अरुंद कपाट, सगळं आता उलगडलं.
अक्का गेल्यावर सरळ विचारलं. "ऐकत व्हता ना?"
"कान हायत मला."
"मग जाऊन विचारा की दादांना, कसं वाटतंय म्हणून."
उठले आणि गोठ्यात गेले. वैरण टाकून झाली होती, तरी परत टाकायला.

१७ डिसेंबर
आज मीच मिस्त्रीला फोन केला. म्हटलं टीव्ही आणि जाळ डावीकडं घ्या, खिडकीवर उजवीकडचं कपाट येऊ दे. पण त्याला पाठीची फळी लावू नका.
"काकू, बिनपाठीचं कपाट? लोकं काय म्हणतील, मिस्त्री फळी विसरला."
समजावलं, कपाटाचं दार उघडलं की मागं खिडकी. हुशार माणूस, पटकन आलं ध्यानात. पण म्हणाला, पलीकडच्या बाजूनंबी दार लावावं लागंल, न्हाईतर पाली-उंदरं तुमच्या भांड्यांत. आणि त्या दाराचं माप त्या बाजूनंच घ्यायला पायजे, भिंत काय सरळ न्हाई. "तिकडच्या मालकांना विचारून ठेवा."
फोन मोठ्या आवाजात होता. ह्यांनी ऐकलं. पेपर चाळत राहिले, एकच पान.

१९ डिसें., शुक्र.
अजूला फोनवर सांगितलं. मला वाटलं आता तडकणार.
"आई, मला वाटलं तुलाच ती कटकट नको झालीय. मोठी आई मला त्यातनं बेसनाचे लाडू द्यायची की." मोठी आई म्हणजे अक्का.
"मग भोक कशाला म्हणालास?"
"चुकलं."
मग म्हणतो, मुलीकडच्यांनी विचारलं, कपाटात पलीकडचं घर कसं दिसतंय, तर? म्हटलं, सांग, ते आपलंच हाय. बोलून गेले खरी. दादांनी ऐकलं तर काय म्हणतील कुणास ठाऊक.

२० डिसें., शनि.
ह्यांना दोनदा म्हटलं, जाता का. एकदा म्हणाले, बघू. एकदा म्हणाले, त्यानं फणस विचारून तोडला व्हता का? म्हटलं, सहा वर्षांत त्या जागी दुसरा फणस उभा ऱ्हायला असता! जेवले न्हाईत नीट.

२१ डिसेंबर, रविवार
सं. साडेपाच. मिस्त्री फळ्या कापून बसला, मापाची वाट बघत. हे अंघोळ करून आले, धुतलेला सदरा घातला. म्हटलं, कुठं? "नसरापूरला." आणि मिस्त्रीच्या पिशवीतनं टेप उचलून खिशात घातली. नसरापूरला टेप कशाला लागती!
चपला रस्त्याकडं वाजल्या न्हाईत, मागच्या गल्लीकडं वाजल्या. मी खिडकीला चिकटले. पलीकडनं अक्कांनी ओठावर बोट ठेवलं.
दादांचा खोकला. मग ह्यांचा आवाज, घसा खरवडून.
"माप घ्यायचं व्हतं."
"कशाचं?"
"खिडकीचं."
"बुजवताय ना? बुजवा. माप कशाला पायजे?"
"बुजवत न्हाई. दार बसवायचंय. दोन्हीकडनं."
दादा परत खोकले, लई वेळ. हे म्हणाले, "औषध घेतलं का?" दादा म्हणाले, "चपला बाहेर काढ."
खिडकीत ह्यांचं तोंड आलं. माझा नवरा, आणि पलीकडनं! मला ओळखलंच न्हाई असं करून टेप लावली. एकट्याला पोचेना, टोक सारखं सुटायचं. तिसऱ्यांदा सुटलं तेव्हा दुसरा हात आला, म्हातारा, शिरा वर आलेला, आणि टोक दाबून धरलं. मी मागं सरले.
अक्का खिडकीत वाकल्या. डोळे भरलेले. हळूच विचारलं, "मंगल, चहा किती टाकू?"
काय सांगू? म्हटलं, "चार टाका. उरला तर आपण दोघी पिऊ."
त्यांनी मान हलवली आणि त्या बाजूचा पडदा ओढून घेतला.
आता सात वाजत आले. मिस्त्री दोनदा म्हणाला, काकू, माप? ह्यांचा पत्ता न्हाई. भांडणाचा आवाज न्हाई, बोलण्याचाबी न्हाई. मी टीव्ही बंद करून बसलेय.