बॅच नंबर सांगा

२ जून, सकाळी
आजपासून कृत्रिम रंग, कृत्रिम स्वाद, प्रिझर्व्हेटिव्ह बंद. कायमचे. पाकिटांमागची अक्षरे बारीक असतात म्हणून भिंग आणले. खोलीतली बिस्किटे, सॉस, सूप जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. घरमालकीणबाईंनी ते उचलून घरात नेले. त्यांच्या प्रकृतीची जबाबदारी माझी नाही.

४ जून
गोदामात जेवणाच्या सुट्टीत सर्वांच्या पाकिटांवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. पॅकिंगवाले काका म्हणाले, अरे, दोन घास सुखाने खाऊ दे की. मेलो तर तुलाच बोलावू वाचायला. सगळे हसले. मनावर घेतले नाही.

५ जून
सगळे दुसऱ्या टेबलावर बसले. लाज वाटली असणार. सुधारणा हळूहळूच होते.

१९ जून
दुकानात नारिंगी क्रीमची बिस्किटे तपासली. रंग कोणता, ते नुसते आकड्यात लिहिले आहे. ग्राहक सेवेचा नंबर उतरवून घेतला. घरी येऊन फोन केला. एक बाई बोलल्या. दर वाक्याला सर म्हणाल्या. बॅच नंबर मागितला. पाकीट हातात नसेल तर तक्रार घेता येत नाही म्हणे. शेवटी विचारले, अजून काही मदत हवी आहे का, सर?
असे बऱ्याच दिवसांत कोणी विचारले नव्हते.

२० जून
पाकीट विकत घेतले. केवळ बॅच नंबरासाठी. त्याच बाई. आवाज बसला होता. कोमट पाण्याच्या गुळण्या करा म्हटले. हसल्या. म्हणाल्या, कॉल रेकॉर्ड होतो हो, सर. अन्न टाकू नये म्हणून पाकीट संपवले. नाइलाज.

११ जुलै
एका पाकिटावर एकच तक्रार चालते. म्हणून रोज नवे पाकीट. दुसऱ्या कोणी फोन उचलला तर ठेवतो, परत लावतो. प्रकरण एकाच हाती असलेले बरे.

२ ऑगस्ट
काकांनी माझी नारिंगी जीभ पाहिली. म्हणाले, काय रे, लोका सांगे ब्रह्मज्ञान? बरं, ये, इथे बस आमच्यात. सरकून जागाही केली. म्हटले, महत्त्वाचा फोन करायचा आहे. संशोधन म्हणजे काय, ते त्यांना कळणार नाही.

२७ ऑगस्ट
विजय. बाईंनी सांगितले, कंपनीने कृत्रिम रंग काढून टाकला. तुमच्यासारख्या ग्राहकांमुळेच, सर. अभिनंदन. मग विचारले, अजून काही मदत? मी विचार करू लागलो. त्या थांबल्या. नंतर म्हणाल्या, तुमचा दिवस छान जावो.

२८ ऑगस्ट
नवे पाकीट भिंगाखाली पुन्हा पुन्हा वाचले. मैदा, साखर, तेल, मीठ, संत्र्याचा अर्क. विचारण्यासारखे काहीच नाही.
जेवणाच्या सुट्टीत काकांच्या टेबलापर्यंत गेलो. माझ्या जागेवर डबे ठेवलेले होते.

२८ ऑगस्ट, संध्याकाळी
दुकानदाराला विचारले, जुना माल शिल्लक आहे का? तो म्हणाला, एक खोके आहे, पण मुदत संपत आलीय.
म्हटले, चालेल.