आभाळबदकं

बेन दाम गाव
बुधवार, ८ जानेवारी १९९७
(चांद्र पंचांगाचा बारावा महिना उद्या लागतो)

आईंना थोआचा वाकून नमस्कार.

इकडे आम्ही चौघं, म्हैस आणि डुक्कर, सगळे ठीक. तुमची लंगडी कोंबडी तेवढी थंडीनं गेली. तिचं सूप करायला मुलींनी मला हात लावू दिला नाही. पेरूच्या झाडाखाली पुरली आणि वर उदबत्ती लावली. उदबत्ती तुमच्या डब्यातली होती, म्हणून कळवते.

तुमचं पत्र पोचलं. लुक भाऊजींच्या बाळाला तुम्ही 'चुओत' म्हणता हे वाचून तुमचे चिरंजीव तोआन हसले. मित काय म्हणाली माहीत आहे? "मी फणस, तेप जवळा, आणि तो उंदीर. आजीच्या घरात माणूस म्हणून कुणी नाहीच!" मी सांगितलं, अगं, घाणेरड्या नावाच्या पोराकडे भुतं ढुंकून बघत नाहीत, म्हणून आजी अशी नावं ठेवते. तर म्हणते, "शाळेतली मुलं मात्र बघतात." आठ वर्षांची झाली. जिभेला धार येत चालली आहे. कुणाची ते विचारू नका.

ईशान्येचा वारा सुटून आठ दिवस झाले. तुम्ही तिकडे दक्षिणेत, दोंग नायला पंखा घेऊन बसला असाल. इथे सकाळी शेतात पाय घातला की पाऊल आपलं आहे की दुसऱ्याचं ते कळत नाही. उसवलेल्या लोकरीतून तेपसाठी बनियन विणलं. एकावर एक तीन घालून ती केळफुलासारखी दिसते, आणि शू लागली की ते सोलेपर्यंत उशीर होतो. संध्याकाळी दोघी भुशाच्या चुलीपाशी बसतात आणि राखेत रताळी पुरतात. कोणतं कुणाचं यावरून भांडण, मग दोन्ही करपतात.

तोआननी पलंगावर चटईखाली नवा पेंढा अंथरला आहे. मुली अजून दोन कडांनाच निजतात. मधली जागा तुमची, तिथे पाय टाकायचा नाही असा नियम मितनं केला आहे. नियम मोडेल त्यानं म्हशीचं शेण उचलायचं. एकदा मी बसले तर मला उचलायला लावलं.

पत्रासोबत सुपारीची पुडी आहे. आपल्याच झाडाची, चिरून वाळवलेली.

लुक भाऊजी, इथपर्यंत तुम्ही मोठ्यानं वाचलंत, उपकार झाले. आता कागद आईंच्या हातात द्या आणि मिरीच्या वेलांना पाणी घालायला जा. आई, पुढचं तुम्ही स्वतः वाचायचं. चष्मा लावून, बोट ठेवून, लागेल तेवढा वेळ घेऊन. साक्षरतेच्या वर्गात शिकलेलं तुम्ही विसरला नाहीत हे मला माहीत आहे. माझं अक्षर मोठं काढते.

अकराव्या महिन्यात मूळपुरुषाचं वर्षश्राद्ध झालं. थोरल्या काकांच्या अंगणात पंगती बसल्या. ज्यांना मुलगे आहेत ते वर ओट्यावर आणि आमच्या यांच्यासारखे खाली अंगणात, वाऱ्याच्या तोंडावर. गेल्या वर्षी यांना भर मंडळीत ओट्यावरून उठवून खाली बसवलं होतं. या वर्षी कुणी सांगायच्या आधी हे आपणहून खाली जाऊन बसले, आणि तेपला मांडीवर घेतलं. थोरल्या काकांनी वरून मुलींवरून टोमणा मारलाच, "काय रे तोआन, आभाळबदकांचा थवा घेऊन आलास का जेवायला?" सगळे हसले. हे म्हणाले, "हो काका. बघा ना, अजून मांडीवरच आहेत, उडाली कुठं?" मितनं खालच्या ताटातली कोंबडीची तंगडी उचलली आणि सगळ्यांदेखत फस्त केली. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. खूप रडू आलं, आणि खूप बरंही वाटलं.

त्यानंतर पाच-सहा दिवसांची गोष्ट. कापणी झालेल्या पाणथळ शेतात खरीखुरी आभाळबदकं, रानातली, उतरली. चाळीस-पन्नास तरी असतील. मी अंगणात कोबी धूत होते, हे कुदळीचा दांडा बसवत होते. तेप बांधावरून ओरडत आली. एक चप्पल पायात, एक चिखलात.

"आजी आली! आई, आजी आली!"

मी ओल्या हातांनी रस्त्यापर्यंत धावले. अंगात कोट नाही की डोक्याला रुमाल नाही. रस्त्यावर कुणी नव्हतं. परत येऊन विचारलं, "कुठं आहे गं आजी?" तिनं शेताकडे बोट केलं.

"त्या बदकांत. कुठली ते अजून कळत नाही. लांब आहेत."

"वेडी आहेस का? आजी बदकांत कशाला असेल?"

"तूच म्हणालीस ना तिला. तुम्हीपण आभाळबदकच, मग जा उडून. म्हणून गेली. आणि बाबा म्हणतात, बदकं थंडीत येतात."

आई, मला वाटत होतं ते भांडण आपल्या दोघींतच आहे. मुली खेळत होत्या, हे काकांकडे भांडी पोचवायला गेले होते. तुम्ही गेल्या वर्षीच्या पंगतीचा अपमान डोक्यात घेऊन आला होतात आणि म्हणालात, "आभाळबदकं पोसून घर भरत नसतं." मुली वाढवायच्या आणि त्या उडून परक्या घरी जायच्या, गावात सगळेच असं म्हणतात. पण तुम्ही माझ्या मुलींना म्हणालात. आणि मी उचलली जीभ, लावली टाळ्याला. सतरा वर्षांच्या असताना तुम्ही आईबाप सोडून या घरात आलात, तेच तोंडावर फेकलं. चार दिवसांत तुम्ही बोचकं बांधलंत. जाताना सगळ्यांना सांगितलंत, धाकट्या सुनेला सातवा लागलाय, बाळंतपणाला जाते. माझं नाव कुठंच काढलं नाहीत. बाळ आता नऊ महिन्यांचं आहे, आणि तुमच्या एकाही पत्रात परत येण्याचं अक्षर नाही. मला राग येतो तो याचाच. भांडला असतात तर मला क्षमा मागायला जागा राहिली असती.

तेप हे बोलली तेव्हा यांच्या हातातली कुदळ तशीच राहिली. यांना मी काहीच सांगितलं नव्हतं. मला वाटलं आता हे उठतील, हात उगारतील. आपल्या गावात तेवढ्याला कुणी नावं ठेवली नसती. पण यांनी दांडा ठोकून बसवला, कुदळ भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "हे लिही आईला. आणि दुसरंही लिही. तेपच्या वेळचं. मी सांगायला हवं होतं, मला जमलं नाही."

तेच दुसरं आता लिहिते. तीनदा शाई पुसली गेली आहे, डाग पडले तर पडू देत.

तेपच्या वेळी माझं रक्त थांबत नव्हतं. तुम्हाला आम्ही सांगितलं, टाके पडले, म्हणून वीस दिवस दवाखान्यात ठेवलं. आई, टाके नव्हते. पिशवी काढली. डॉक्टरीणबाईंनी यांना विचारलं, आणि यांनी सही केली. त्या सहीमुळे मी आज पत्र लिहिते आहे. मला तिसरं मूल होणार नाही. होणारच नव्हतं, या पाच वर्षांत कधीच.

आणि तुम्ही दर महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि दर पुनवेला देवळात जाऊन नातू मागत होतात. नैवेद्याची केळी मीच झाडावरून तोडून द्यायची. चांगला घड बघून. तुम्ही म्हणायचात, "सून मनानं चांगली आहे, देव देईल." मी मान खाली घालून तुमची टोपली भरायची. यापेक्षा मोठं पाप मी केलेलं नाही.

का नाही सांगितलं? भीती वाटली. वाटलं, तुम्ही यांना दुसरीकडे मुलगा मिळवायला सांगाल. पलीकडच्या गल्लीत झालंय, तुम्हीच मला ते सांगितलं होतं आणि सांगताना "बिचाऱ्यानं काय करावं" म्हणाला होतात. तो "बिचारा" मी पाच वर्षं पोटात घेऊन जगले. तुम्ही मला चटके दिलेत असं मी मनात म्हणत राहिले, पण चूल मीच पेटती ठेवली होती.

आता तुम्हाला सगळं माहीत आहे. रागवा. मला पत्रातून शिव्या द्या, भाऊजींकडून लिहवून घेऊ नका, तुमच्या हातच्या द्या. थोरल्या काकांनी यांना जन्मभर अंगणात बसवलं तरी हे बसतील. यांनी माझ्यापाशी तसं बोलून दाखवलं आहे. पण या घरात नातू यायचा म्हणून तुम्ही वाट बघत असाल, तर ती वाट इथे संपली. येणार असाल तर या दोघींसाठी या.

तेपला मी समजावलं, आजी बदक नाही, आजी गाडीत बसून गेली. तिला पटलं नाही. ती रोज शाळेआधी बांधावर मूठभर भाताचे दाणे ठेवते. मित तिला म्हणाली, "येडे, आजी कच्चा भात खात नाही, पान खाते." तेव्हापासून भाताशेजारी विड्याचं पान आणि एक सुपारीही जाते. तुमच्या झाडाची, तुमच्याच अडकित्त्यानं फोडलेली. अडकित्ता वापरू नका म्हणून मी ओरडले, कुणी ऐकलं नाही.

आज सकाळी बघितलं तर भात संपलेला, पान पाण्यात तरंगत होतं आणि सुपारी जागच्या जागी. तेप म्हणाली, "बघ, बदकांनी आपलं खाल्लं. आजीचं ठेवलं."

ती सुपारी पुडीत घातली आहे. चिखल लागलेली, तीच. बाकीच्या खा. ती खाऊ नका, बरोबर घेऊन या. बाराव्या महिन्याच्या तेविसाव्या दिवशी चुलीचे देव घरातलं सगळं सांगायला वर स्वर्गात जातात, त्याआधी आलात तर त्यांच्यापुढे काय सांगायचं ते आपण दोघी मिळून ठरवू. हे स्टेशनवर येतील. कोणत्या गाडीनं ते तेवढं कळवा. मधल्या जागेचा पेंढा उद्या पुन्हा बदलते.

तुमच्या अंगणात उतरलेलं, तुमच्यासारखंच परक्या घरचं बदक,

थोआ