उंदराच्या मिशा

गुरुवार, संकष्टी. नागपूर, १९७४

डोकं फिरलंय. चित्र साफ करायच्या कामासाठी महाल भागातल्या एका जुन्या सरदारांच्या घरात अकरा दिवस काडीला कापूस गुंडाळून भिंतीवरच्या रंगीत गणपतीचा जुना शेंदूर काढला. काल अख्खं चित्र दिसलं, उंदराच्या केसाएवढ्या बारीक मिशासुद्धा! आज जाऊन बघतो तर तेलात कालवलेला ताजा शेंदूर. घरच्या काकू खुशीत म्हणाल्या, "तुम्ही देवाले कोरडं ठेवलं होतं, भाऊ. आज चतुर्थी, मीच लावून देला."

चूक माझीच. भिंत बोटबोट तपासली, काकूंशी एक शब्द बोललो होतो का? मिशा शेंदराखाली गेल्या. पुन्हा अकरा दिवस.

आणि निघताना त्या शेंदरापुढे माझे हात आपोआप जोडले गेले. काल, स्वच्छ चित्रापुढे, नव्हते जोडले.