उजव्या पायाचा गिअर

२ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
आजपासून पुन्हा मोटारसायकल. निर्णय पक्का. वय एकावन्न, म्हणजे ऐन उमेद. काल ऑफिसातल्या टायपिस्टने तिची स्कूटी लावता लावता विचारलं, काका, तुम्ही कधी गाडी चालवलीच नाही का? या बाईच्या जिभेला हाड नाही. मी अकरा वर्षं साडेतीनशे सीसीचं धूड चालवलंय. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. आजकालच्या गाड्या म्हणजे शिवणयंत्रं.

बावीस वर्षांपूर्वी सोडली का, तेही लिहून ठेवतो. लोक काहीही बोलतात. वळणावर खडी होती. ही मागे बसली होती आणि नको त्या बाजूला कलली. गाडी आडवी. हिचं डावं मनगट मोडलं, माझी पँट फाटली. पँट नवी होती. दोष कुणाचा, हे उघड आहे. मी चकार शब्द बोललो नाही. गाडी विकली. तेव्हापासून ही दोन बस बदलून हॉस्पिटलात जाते. नोंदणीच्या खिडकीवर असते.

संकल्प: महिनाअखेरीपासून हिला कामावर मी सोडणार. अजून सांगितलेलं नाही. उपकार अचानक केलेले बरे.

३ फेब्रुवारी
सांगितलं. ही चहा ओतत होती. डाव्या हाताने. निम्मा बशीत. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम अजून करतेय वाटतं, चिकाटी आहे. म्हणाली, पाय न टेकवता मैदानाला एक चक्कर मारून दाखवा, मग बसेन. बाकी आनंद वगैरे काही नाही.

परीक्षा! माझी! मी सही केल्याशिवाय या शहरात लिफ्ट हलत नाही. ऑफिसात मला 'नापास' म्हणतात, ते काय उगाच?

७ फेब्रुवारी
लिफ्ट तपासणीचा फॉर्म मोटारसायकलसाठी सुधारून घेतला. बत्तीस रकाने. शोरूमला गेलो.

सव्वाशे सीसी: हलकी, मायलेज भरपूर, बजेटात बसते. विक्रेतीने सांगितलं, वयस्कांना ही बरी पडते. नापास. शेरा: विक्रेती.

दीडशे सीसी: सीट उंच. माझे फक्त चवडे टेकले. शेरा: शोरूमच्या फरशीला उतार आहे.

गिअर उजवीकडे बसवून मिळेल का, विचारलं. म्हणाली, काका, आता सगळ्यांना डावीकडेच असतो. आणि मागे वळून हसली. सगळ्याच गाड्या नापास. वर जाताना त्यांची लिफ्टही बघून ठेवली आहे. दार नीट लागत नाही. बघतोच.

११ फेब्रुवारी
ऑफिससमोरच्या मेकॅनिककडे जुनी साडेतीनशे उभी आहे. उजवा गिअर! डोळे भरून आले. स्टँडवरून काढायला गेलो, तर जागची हलेना. मेकॅनिक दातात काडी फिरवत उभा. म्हणाला, साहेब, ही ऑइल गळते, वजन झेपणार नाही, आधी सव्वाशेवर हात बसवा. मी त्याला माझी अकरा वर्षं सांगितली. तो म्हणाला, मग ती वर्षं घेऊन या आणि गाडी न्या.

उर्मट. त्याच्या शेडमध्ये आग विझवायचं नळकांडं नाही. तक्रारीचा मसुदा तयार.

कंबर धरली आहे. हवामान.

१४ फेब्रुवारी
मेहुणा आला. हिचा धाकटा भाऊ. हा माणूस माझ्या डोक्यात जातो. म्हणाला, भाऊजी, माझी जुनी दीडशे घ्या, घरातली गाडी, तुम्हाला परवडेल. 'परवडेल' इतक्या मोठ्याने म्हणाला की शेजारणीने खिडकी उघडली.

दोन तास तपासणी. एकोणीस त्रुटी. घेतली. त्रुटींसकट घेतली, याला औदार्य म्हणतात. त्याने साधे आभार मानले नाहीत.

१६ फेब्रुवारी, सकाळी ७
मैदान. सराव. गिअर टाकायला उजवा पाय दाबला, गाडी जागच्या जागी उभी. थांबायला डावा पाय दाबला, गाडी गिअर बदलून पुढे उडाली. बाक मध्ये आला. बाक तिथे कुणी ठेवला, चौकशी करावी लागेल.

अकरा वर्षांची सवय बरोबर आहे. कारखाना चुकला.

१८ फेब्रुवारी
उपाय सापडला! डाव्या बुटावर खडूने 'गिअर', उजव्यावर 'ब्रेक'. मला वरून वाचता यावं म्हणून अक्षरं माझ्याकडे तोंड करून लिहिली. इतकी वर्षं हे कुणाला सुचलं नाही, याचंच आश्चर्य वाटतं.

२१ फेब्रुवारी
मेहुणा सराव बघायला टपकला. म्हणाला, भाऊजी, खाली बघू नका, समोर बघा. आता याच्याकडे मी शिकवणी लावू? तेव्हा त्याला बावीस वर्षांपूर्वीची हकीकत ऐकवली, म्हटलं, तुझी ताई कलली नसती तर माझा सराव सुटलाच नसता.

तर हा म्हणतो, ताई कलली नव्हती. तुम्ही हँडल सोडून रस्त्यातल्या मित्राला दोन्ही हात दाखवत होता. मी तिथेच उभा होतो.

धादांत खोटं. हा तेव्हा आठवीत होता. साक्षीदार म्हणून बाद. शिवाय एकच हात सोडला होता.

वरचं वाक्य खोडायचं आहे.

२७ फेब्रुवारी, सकाळी ८
परीक्षा झाली. ही पर्स मांडीवर घेऊन बाकावर. मेहुणा, वॉचमन आणि फेऱ्या मारणारे तीन फुकटे. सुरुवात झोकात. अर्धी चक्कर उत्तम! पाय टेकवला नाही. नजर बुटांवर. दवाने गवत ओलं होतं, त्यात खडू पुसला गेला. डावा बूट कोरा. उजवा कोरा. वर बघितलं तर वळण संपलं होतं आणि मी अजून सरळच जात होतो. थांबायला डावा पाय दाबला.

गाडी डाव्या गुडघ्यावर. फार वेगात नव्हतो, हे लोकांनी लक्षातच घेतलं नाही. मेहुण्याने आणि हिने गाडी उचलली. ही एका हाताने उचलत होती, नीट जोर लावत नव्हती. मग घड्याळ बघितलं. बसची वेळ झाली म्हणाली.

शेरा: पाय टेकवला नव्हता. गुडघा टेकला. नियमात गुडघ्याचा उल्लेख नाही.

२८ फेब्रुवारी
मेहुणा गाडी परत घेऊन गेला. एकोणीस अधिक चार त्रुटी. बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

गुडघा सुजला. हिच्याबरोबर हिच्याच हॉस्पिटलला निघालो. दोन बस. दुसरीत जागा नाही. ही डाव्या हाताने वरचा दांडा धरून उभी, उजवा हात पोटाशी. प्रत्येक वळणावर हेलकावा, दांडा काही सुटत नाही. रोज अशीच येत असणार. काहीतरी बोलायला हवं होतं. बावीस वर्षांत विचारलं नव्हतं ते विचारलं, मनगट अजून दुखतं का गं?

तिने विचारलं, कुठलं?

मी म्हणालो, डावं.

दोन स्टॉप गेले. मग शेजारच्या उभ्या दांड्याला कोपर अडकवून तिने डाव्या हाताने उजवी बाही वर सारली. मनगट वाकडं आहे. चांगलंच वाकडं आहे. बाही खाली केली.

हॉस्पिटलात रांग होती. माझा नंबर आला तेव्हा ती खिडकीच्या आत बसली होती. सगळ्यांना विचारते तसं नाव विचारलं, वय विचारलं. मी सांगितलं. ती डाव्या हाताने सावकाश लिहीत होती.

गुडघा कुठला, हे तिने विचारलं नाही. मी चालत आलो तेव्हाच बघितलं असावं. 'डावा' लिहून मोकळी झाली, आणि पुढच्याला हाक मारली.