हातावरचं नाव

सौसर, मंगळवार संध्याकाळ

मी सांगून राहिले, नात स्वाती लिहून राहिली. एक शब्दही गाळू नको बाई.

राजस्थानच्या बसयात्रेतून काल घरी आलो. वाळू पाहून आणि गाईडचं ऐकून जीव शिणला. मले फक्त युद्धस्मारकाची भिंत पाहायची होती. आमचे हे एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाले. मेले असं कोणी सांगितलं नाही, म्हणून मी कुंकू लावत राहिले. भिंतीवर नाव निघालं तर कुंकू पुसायचं, एवढं ठरवून गेले होते.

स्वातीनं लय शोधलं. मग माझं बोट एका नावावर टेकवलं. "हे पाह्य आजी, आपले आबा."

मले अक्षर येत नाही, पण ह्यांचं नाव लग्नाच्या वेळी माझ्या हातावर गोंदलं आहे. जन्मभर तेच पाहिलं. भिंतीवरची अक्षरं त्याच वळणाची, पण नाव ते नव्हतं. पोरीचं मन राखायला मी म्हटलं, "घरी कधी एका जागी बसले नाही, इथं बरे बसले."

पुढं वाळवंटात खजुराची झाडं आणि तळं लागलं. सगळे फोटो काढून राहिले होते. मी हातपाय धुतले, कपाळाला पाणी लागू दिलं नाही.

रडू नको स्वाती, कागद भिजते. लिही, आजीले तिथंच कळलं होतं. आता विचारायला दुसरी भिंत नाही, कुंकू राहू दे.