फ्रिजवरची वंशावळ

सूनबाई,

चहा थर्मासमध्ये आहे, आधी तो घे. काल उपाशीच झोपलीस.

फ्रिजवरचा कागद मी फाडायला नको होता. पण सात वर्षं मालिकेने जिला समुद्र ओलांडायला लावला, त्या राणीला शेवटच्या भागात दोन मिनिटांत मारलं आणि माझं डोकंच फिरलं. लेखकांच्या मागे काय वाघ लागला होता? “आता कशाला हवी हिची वंशावळ?” म्हणत मी ती टराटरा फाडली. तू उठून खोलीत गेलीस, तेव्हा कुठे लक्षात आलं की अक्षर माझ्या लेकाचं होतं.

तोही सकाळी आपल्याशी भांडत होता आणि दुपारी नव्हता. काल मी जे ओरडले, ते सगळंच काही लेखकांसाठी नव्हतं गं.

तुकडे कचऱ्यातून काढून टेबलावर मांडलेत. पंखा लावू नकोस. मी चिकटपट्टी आणायला जाते आहे.

“राणी घरी परत येणार, लावा पैज” असं त्याने कोपऱ्यात लिहिलं होतं, तेवढा तुकडा सापडत नाही. तू उचलला असशील तर तुझ्यापाशीच ठेव. फक्त तसं सांग, म्हणजे मी शोधायची थांबेन.

— आई