वर्ष कोणाचं धरायचं?

प्रिय अहो,

गेले कित्येक महिने तुमच्याशी मनातल्या मनात भांडते आहे, आज कागदावर भांडते. रविवारी निखिलला उत्तर द्यायचं आहे आणि ज्याला विचारून द्यावं तो माणूस फोटोत जाऊन बसलाय. माझं ऐकून घ्यायचं आणि 'बघू' म्हणायचं, एवढंच तर काम होतं तुम्हाला या घरात. तेही सोडलंत!

झालंय असं. मागच्या वर्षी आपण न्यू जर्सीहून निघालो ते गणपतीच्या थोडे दिवस आधी. 'आपल्या आदर्श नगरच्या घरात गणपती बसवू, दिवाळी करू आणि मग परत,' हा बेत तुमचा. ऋषिपंचमीच्या सकाळी पूजेची फुलं निवडता निवडता तुम्ही खुर्चीतच मान टाकलीत. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. तेव्हापासून मी इथेच आहे. आणि ग्रीन कार्डवाल्याने सलग वर्षभर अमेरिकेबाहेर काढलं, की त्या कार्डाला फारसा अर्थ राहत नाही. माझं ते वर्ष ऑगस्टच्या अखेरीला भरतंय.

निघताना निखिल म्हणाला होता, "बाबा, जास्त राहायची परवानगी काढून ठेवूया. ती इथे असतानाच मागावी लागते." तुम्ही हसलात. "अरे, आम्ही काय तिकडे कायमचे राहायला चाललोय?" बँकेत जन्मभर लोकांना 'कागद पुरे करून आणा' म्हणून परत पाठवणारा माणूस! स्वतःच्या वेळी कागद नको झाला. आणि राहिलात ना कायमचे?

निखिलने त्याच्या परीने सगळं बसवलं होतं. तिथी दर वर्षी दहा-बारा दिवस आधी येते, हे त्याला तुम्हीच शिकवलेलं. म्हणजे वर्षश्राद्ध ऑगस्टमध्ये. तो येणार, श्राद्ध करणार आणि वर्ष भरायच्या आत मला घेऊन परत जाणार. तिकिटंही काढून मोकळा झाला. मला विचारलं? छे! मी इथल्या मराठी मंडळातल्या गुरुजींना नक्की दिवस विचारायला फोन केला, तर ते म्हणाले, "ऑगस्ट कुठला वहिनी? यंदा अधिक श्रावण आहे. गणपतीच मुळी सप्टेंबरच्या मध्यावर."

अधिक महिना! कॉन्व्हेंटमध्ये आमच्याकडून संतांचे दिवस पाठ करून घेतले, अधिक महिना कोणी शिकवला नाही. ते खातं तुमचं. आणि अमेरिकेच्या सरकारला तर अधिक महिना मुळीच नाही.

निखिलला सांगितलं. पलीकडे कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज. मग म्हणतो, "आई, मग इथेच करू ना. इथल्या देवळात सगळं होतं. त्याच्या आसपासचा शनिवार बघू."

"शनिवार?"

"सगळ्यांना सुट्टी असते गं."

"तुझे बाबा सोमवारी गेले. त्यांना शनिवारपर्यंत थांबायला सांगायचं होतंस!"

मग बिचाऱ्याने हळूच दुसरा उपाय काढला. "हवं तर उशिरा ये. पण तू आजारी होतीस, प्रवास जमत नव्हता, असं तिथल्या डॉक्टरकडून लिहून घे. तेवढं चालतं."

ऐकताय ना? आजारी मी! या वयात बापूबाजारातून पायी सामान घेऊन येते मी. माणूस तुमचा गेला, आणि कागदावर आजारी मला करायचं!

शेजारच्या माथुर भाभी कचोऱ्या घेऊन आल्या होत्या. त्यांना वर्षश्राद्धाचं सांगितलं, तर म्हणाल्या, "अरे भाभीजी, बरसी तो पहले भी कर लेते हैं। हमने ससुरजी की छह महीने में ही निपटा दी थी, घर में शादी थी ना।" निपटा दी! मन चांगलं आहे हो त्यांचं, पण तो शब्द ऐकून मी कचोरी बशीत परत ठेवली. गुरुजींना विचारलं, तर तेही म्हणाले, "अडचण असेल तर मार्ग काढता येतो." म्हणजे धर्माचीसुद्धा हरकत नाही. हरकत फक्त माझी.

का? श्राद्ध-पक्षावर माझा विश्वास किती, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत नाही. पिंडाला कावळा शिवतो की नाही याची तुम्ही वाट बघायचात आणि मी आत पेपर वाचायची. पण मागच्या वर्षी त्या दिवशी घरात इतकी माणसं घुसली, की मला तुमच्याजवळ धड बसता आलं नाही. बर्फ आणायचा का, निखिल येईपर्यंत थांबायचं का, गणपती आजच बोळवायचा का, सगळं पुरुषांनी व्हरांड्यात उभं राहून ठरवलं. मला कोणीतरी गोड चहा पाजला. बायको होते मी तुमची, पाहुणी नव्हते! यंदा तो दिवस मला हवा आहे. त्याच तिथीला, याच घरात, माझ्या म्हणण्याप्रमाणे.

एवढंच असतं तर प्रश्न नव्हता. पण ईशा आहे ना! परवा फोनवर नात म्हणते, "आजी, तू कधी येते? तुझ्या रूममध्ये मी कोणाला झोपू नाही देत." कार्ड गेलं, की मी तिच्या घरी पाहुणी. व्हिसाच्या रांगेत उभं राहून मागायचं, आणि एकट्या म्हाताऱ्या बाईला नाही म्हटलं तर? ते टॉवर पडल्यापासून तिथले लोक आणखीच कडक झालेत. तिची आज्जी मग फोनमधला आवाज होऊन राहील. आणि इथे, रात्री-अपरात्री मला काही झालं, तर माथुर भाभींशिवाय कोण येणार?

तुम्ही असता तर काय म्हणाला असता? कार्ड पासपोर्टात, पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर. पंचांग उशाशी. दोन्हींचे तुम्ही भक्त! त्या दोघांचं भांडण लागलं तर कोणाचं ऐकायचं, ते मात्र सांगून गेला नाहीत.

म्हणून मी ठरवलंय. रविवारी निखिलला सांगणार, तिकिटं बदल. ऋषिपंचमीला आलास तर तुझ्या हातून होईल, नाही तर गुरुजी आणि मी बघून घेऊ. नंतर मी विमानाला जाईन, वर्ष उलटलेलं कार्ड घेऊन. आजारपणाचा खोटा कागद नेणार नाही. कोणी विचारलं, बाई, इतके दिवस कुठे होतात? तर म्हणेन, नवरा गेला, त्याचं वर्ष पुरं करून आले. आमचं वर्ष यंदा तुमच्यापेक्षा मोठं होतं. ऐकतील, नाही तर दिल्लीच्या विमानतळावरूनच परत पाठवतील.

भीती वाटते हो. निखिलला हे कळू देणार नाही, तुम्हाला सांगते. विमानतळावर तुम्ही पुढे आणि मी मागे, अशीच सवय आहे मला.

पण तुम्हाला एक वचन देते. त्यांनी खरंच परत पाठवलं, तर ईशाला फोन मी करीन. 'सरकारने आजीला येऊ दिलं नाही' असं तिला कोणी सांगायचं नाही. मीच सांगेन, की आजीला सगळं माहीत होतं, आणि तरीही एक दिवस ती आजोबांसाठी थांबली. त्यावर ती रडली तर ऐकून घेईन. फोन ठेवणार नाही.

तुमची,
नलिनी